आडवा चमचा

कवळीवाल्यांना त्या दिवशी भूक लागली आणि तिथूनच सगळं सुरू झालं. भूक काय, सगळ्यांनाच लागते, त्यात सांगण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. पण बायको गेल्यापासून या माणसाला भूक अशी लागलीच नव्हती. वेळ झाली की पोटात काहीतरी ढकलायचं, एवढंच. तेही ओट्यापाशी उभ्याउभ्या, पातेल्यातूनच, म्हणजे ताटली घासायला नको. खरं कारण अर्थात ताटली नव्हती. टेबलाशी बसलं की समोरची खुर्ची दिसायची, आणि ती दिसली की घास घशाखाली उतरायचा नाही.

नाव काही का असेना, धंद्यावरून सगळे त्यांना कवळीवाले म्हणत. दातांचे डॉक्टर माणसाच्या तोंडात मेणाची पट्टी घालून ‘चावा’ म्हणतात आणि तो ठसा यांच्याकडे धाडतात. मग हे घराच्या मागच्या खोलीत, दिव्याखाली मान मोडून, त्या ठशाबरहुकूम दात घडवतात. जन्मभर हेच केलं. माणसं बघायला मिळत नसत, पण त्यांचे चावे यांना पाठ. रस्त्यात कुणी अर्धवट खाऊन टाकलेलं सफरचंद दिसलं तरी हे थबकायचे आणि वाकून बघायचे. मग बायको दंडाला धरून पुढं ओढायची. “अहो, चला. लोक म्हणतील, दात कोरून पोट भरतो हा माणूस.”

“भरतोच की,” हे म्हणायचे.

तर त्या दिवशी दुपारी ते शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, एका नव्या डॉक्टरकडे कवळी पोचवायला गेले होते. काम चुटकीसरशी झालं. संध्याकाळच्या बसने मुलगी यायची होती, तिला उतरवून घ्यायला स्टँडवर जायचं, एवढंच बाकी होतं. मुलीला सातवा महिना. तशा अवस्थेत एवढा प्रवास करून ती येत होती, ती बापाला कायमचं आपल्या घरी न्यायला. फोनवर तिनं बजावलं होतं, “बाबा, आधी विचारलं तेव्हा नाही म्हणालात, मी गप्प बसले. या वेळी बाळासाठी विचारतेय. आता नाही म्हणालात तर पुन्हा विचारणार नाही.”

आणि कवळीवाल्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं की नाहीच म्हणायचं. त्या घरातून हललो तर बायकोची उरलीसुरली चाहूलही जाईल, अशी त्यांना धास्ती होती. फक्त ते मुलीला तोंडावर कसं सांगायचं, हे सुचत नव्हतं. त्याच विचारात पाय नेतील तिकडं ते चालले होते. थंडीचे दिवस, उन्हं केव्हाच मावळतीला लागलेली, आणि गल्लीत धुरकट उजेड. दुकानं बहुतेक बंद. किल्ल्या करणाऱ्याचं एक, त्याला कुलूप. गुंड्या-बटणांचं एक, त्याचीही फळी लावलेली. आणि त्या दोघांच्या मधे, काचेवर आतून वाफ धरलेलं, एक तुर्की जेवणाचं हॉटेल.

दार किलकिलं होतं. आतून निखाऱ्यांचा आणि भाजत्या पिठाचा वास येत होता. कवळीवाल्यांच्या पोटात कावळे ओरडले. इतक्या महिन्यांनी ओरडले की त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. अजून वेळ होता. ते आत शिरले.

जागा लहानशीच. बसकं छत, पितळी दिवे, भिंतीवर एक जुना गालिचा टांगलेला. दुपारची जेवणं होऊन रात्रीची सुरू व्हायच्या मधली ती वेळ, अशा वेळी हॉटेलात असते तशीच शांतता. खिडकीपाशी कंडक्टरच्या गणवेशातला एक माणूस बसला होता. कोपऱ्यात हातमोजे घातलेली एक म्हातारी. दोघंही एकेकटे, दोघांपुढंही चहाचा छोटा, कमरेत बारीक असा काचेचा ग्लास. म्हातारी समोरच्या रिकाम्या खुर्चीकडं बघून मंद हसत होती. आपल्यासारखंच दिसतंय कुणीतरी, कवळीवाल्यांना वाटलं, आणि त्यांना जरा बरंच वाटलं.

“या भाऊ. बसा.” मालक पडद्याआडून आला. पिकल्या मिशांचा, पांढरा एप्रन बांधलेला माणूस. बोलणं अगदी हळू, शेजारच्या खोलीत कुणी निजलेलं असावं तसं. त्यानं टेबल पुसलं आणि दोन ताटल्या मांडल्या, दोन काटे, दोन चमचे.

“मी एकटाच आहे.”

“असू दे. आमच्याकडं एकाचं पान मांडत नाहीत.”

एरवी कवळीवाल्यांनी ती दुसरी ताटली उचलायला लावली असती. पण समोर ताटली मांडलेली बघून किती दिवस झाले होते. त्यांनी ती तशीच राहू दिली. मालकानं जे आणलं ते आणू दिलं. मसुराचं दाट सूप, त्यावर पिळायला लिंबाची फोड. भाजलेलं वांगं दह्यात कालवलेलं. सळईवर भाजलेल्या मांसाचे तुकडे, लोण्यातला भात. आणि शेवटी, दोन्ही ताटल्यांत एकेक, भट्टीतून थेट काढलेली टम्म फुगलेली लांबट रोटी, वर तीळ पेरलेली. टेबलावर ठेवताठेवता त्यांच्या डोळ्यांदेखत ती रोटी उसासा टाकून बसली.

जेवण चांगलं होतं. चांगलं म्हणजे काय, त्यांना चव लागत होती. आंबट ते आंबट लागत होतं, खारट ते खारट. ते सावकाश जेवले, बसून जेवले. कुणी ऐकत नाही असं बघून अर्धवट स्वतःचीच थट्टा करत समोरच्या खुर्चीला म्हणाले, “वांग्यात मीठ कमी आहे, नाही?”

एवढ्यात फोन वाजला. मुलगी. “बाबा, बस पुलापाशी आलीये. पोचेनच मी. तुम्ही कुठं आहात?”

“जवळच. जेवतोय. निघतोच.”

“जेवताय? बसून?” मुलगी हसली, आणि तिचं हसणं मधेच ओलं झालं. “जेवा हं सावकाश. मी थांबते.”

त्यांनी फोन खिशात टाकला. सूपच्या वाफेनं चष्मा धुरकटला होता, तो काढून रुमालानं पुसला. पुन्हा नाकावर चढवला. आणि समोरच्या ताटलीतली रोटी एका कडेनं खाल्लेली दिसली.

आता दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, उंदीर असेल, नाहीतर आधीपासूनच तशी असेल. कवळीवाल्यांना ती सोय नव्हती. रोटी त्यांच्यासमोर अखंड आली होती आणि चाव्याच्या बाबतीत त्यांना कुणी फसवू शकत नव्हतं. त्यांनी ताटली हळूच स्वतःकडं ओढली. मान आपोआप वाकली, कामावर वाकायची तशी. वरच्या दातांची कमान स्वच्छ उमटली होती. मधला दात, त्याच्या डावीकडचा... तो ओळ सोडून किंचित आत वळलेला.

तो दात त्यांनी स्वतः घडवला होता.

त्याची हकीकत अशी. बायको एकदा पडदे काढताना स्टुलावरून पडली आणि तिचा पुढचा दात तुटला. यांनी रात्र जागवून तिला नवा दात करून दिला, अगदी सरळ, मोत्यासारखा. बायकोनं तो लावून आरशात पाहिलं आणि ती रडायला लागली. “हा माझा दात नाही हो. माझा जरा आत वळलेला होता. हा लावला की आरशात कुणी परकीच बाई हसतेय असं वाटतं.” मग कवळीवाल्यांनी तो सरळ दात टाकून दिला आणि दुसरा केला, मुद्दाम वाकडा. बसवणारा डॉक्टर हसला होता, “हात थरथरायला लागला का तुमचा?” धंद्यातला कुणीही त्याला चूकच म्हणाला असता. अशी चूक जगात त्यांनी एकदाच केली होती, एकाच तोंडासाठी.

आणि तो दात तिच्याबरोबर गेला होता.

कवळीवाल्यांनी मान वर केली नाही. करवली नाही. समोरच्या खुर्चीचं लाकूड हलकेच करकरलं, कुणी बूड जरा सरकवून बसावं तसं. मग वास आला. निखाऱ्यांचा नाही, भाजत्या पिठाचा नाही. गुडघ्यांना चोळायच्या बामचा. रोज निजायच्या आधी ती चोळायची, आणि हे कुरकुरायचे की पांघरुणालासुद्धा वास लागतो म्हणून. ती गेल्यावर ते पांघरूण यांनी धुतलंच नव्हतं, पण वास आपला आपण उडून गेला होता.

भीती वाटली का? वाटली. पण खरं सांगायचं तर भीतीहून मोठं काहीतरी छातीत दाटून आलं होतं. आपण हललो तर ती जाईल, एवढंच त्यांच्या मनात होतं.

“चहा,” मालक म्हणाला.

तो केव्हा आला, कळलं नाही. त्यानं दोन ग्लास ठेवले, एक यांच्यापुढं, एक समोर. लालभडक, उकळता, वाफा निघत असलेला चहा, प्रत्येकात उभा चमचा. “भाऊ, आमच्याकडची एक रीत सांगतो. ग्लास रिकामा झाला की मी भरतो. विचारत नाही. पुरे झालं असं वाटलं की चमचा ग्लासावर आडवा ठेवायचा. मग मी थांबतो.”

“आणि नाही ठेवला तर?”

“तर चहा चालू.”

तो खिडकीकडं वळला. कंडक्टरचा ग्लास त्यानं भरला. कवळीवाल्यांचं लक्ष पहिल्यांदाच त्या गणवेशाकडं नीट गेलं. खांद्यावर चामड्याची पिशवी, टोपीवर ट्रामचा बिल्ला. या शहरात ट्राम बंद झाल्या तेव्हा कवळीवाले शाळेत होते. कंडक्टरनं मालकाची बाही धरली आणि अगदी हळू विचारलं, “इथंच बसली होती... कुठं गेली?”

“चहा घ्या,” मालक म्हणाला, तितक्याच हळू.

कवळीवाल्यांना उठायचं होतं. पण त्यांनी ग्लास उचलला. त्यांची जीभ फार नाजूक होती, कढत चहा त्यांना जन्मात कधी जमला नाही. घरी बायको आपला कप आधी भरून निवत ठेवायची आणि हे फुंकर मारत बसले की काही न बोलता कप बदलायची. निवलेला यांच्यापुढं, कढत आपल्यापुढं. पाहुण्यांसमोरसुद्धा. त्यावरून नातेवाइकांत किती थट्टा व्हायची.

त्यांनी भीतभीत ओठ लावले. चहा निवलेला होता. अगदी पिण्याजोगा.

समोरच्या ग्लासातून मात्र वाफा निघत होत्या. कवळीवाल्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि त्यांनी ते पुसलं नाही. “तू आहेस ना?” त्यांनी विचारलं. उत्तर आलं नाही, पण बामचा वास जरा जवळ आला. ते बोलायला लागले. मागच्या खोलीचा दिवा खराब झालाय. कुंडीतलं झाड मी जगवलंय, बघ. मुलीला सातवा लागलाय, तुला कळलं का? असंच काहीबाही, जे इतके दिवस कुणाला सांगायचं राहून गेलं होतं. मधूनच ग्लास रिकामे व्हायचे. मालक यायचा, भरून जायचा. दर वेळी यांच्या ओठाला लागायचा तो निवलेलाच चहा.

फोन वाजला.

“बाबा? बाबा, कुठं आहात तुम्ही?” मुलगीच होती, पण आवाज ओढलेला, खूप जागरणं झालेल्या माणसाचा असतो तसा. पाठीमागं तान्हं मूल टाहो फोडत होतं. “ऐकू येतंय का? मला माहितीये, उचलणार नाही कुणी... मी उगाच आपली लावते...”

“अगं, मी बोलतोय. कुणाचं बाळ रडतंय तिथं? कुठं आहेस, स्टँडवर ना?”

तिला ऐकू गेलं नसावं. फोन बंद झाला.

कवळीवाल्यांनी खिडकीकडं पाहिलं. काचेवरच्या वाफेपलीकडं ते आले तेव्हाचाच धुरकट उजेड होता, ना कमी ना जास्त. आता निघायला हवं, त्यांना कळत होतं. हा ग्लास संपला की उठू, त्यांनी मनाला समजावलं. समोर खुर्ची पुन्हा करकरली. रोटी आणखी थोडी कमी झाली होती. बसावं, असंच वाटत होतं. घरी तरी कोण वाट बघतंय? मुलीला नाहीतरी नाहीच म्हणायचं होतं. इथं ती होती. जेवण होतं, ऊब होती, कुणी ऊठ म्हणत नव्हतं.

फोन पुन्हा वाजला. त्यांनी न बघताच कानाला लावला.

“आजोबा?”

त्यांनी फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

“आजोबा, मी. तुम्ही कुथं आहात?”

बोबडं नव्हतं ते. पुढचे दात नसले की हवा निसटते आणि ठ-थ एकच होतात, हे कवळीवाल्यांना कुणी शिकवायला नको होतं. दुधाचे दात, वरचे दोन, नुकतेच पडलेले. म्हणजे सहा-सात वर्षांचं पोर. अजून जन्मालाही न आलेलं, आणि दात पडून मोकळं झालेलं.

“येतोच,” ते कसेबसे म्हणाले. “चहा घेतोय.”

“कधी येनार?”

मग नुसती खरखर. कवळीवाल्यांनी फोन हातात तसाच धरून ठेवला. बाहेर काय चाललं होतं ते त्यांना समजलं. इथं एक ग्लास रिकामा होई तोवर तिथं वर्षं सरकत होती. मुलगी स्टँडवर उभी राहिली असेल, पोट सांभाळत, आणि शेवटी एकटीच परत गेली असेल. बाळ झालं असेल. त्या बाळाचे दात आले, पडलेसुद्धा, आणि त्याला आजोबा म्हणजे न उचलला जाणारा एक नंबर. मुलीचं मघाचं हसणं त्यांना आठवलं. जेवा हं सावकाश, मी थांबते.

त्यांना ओक्साबोक्शी रडावंसं वाटलं. एकदा बायको गेली तेव्हा ते त्यांच्या हातात नव्हतं. या वेळी ती जाणार होती ती त्यांच्या हातानं. “रागावू नकोस,” ते पुटपुटले. “पोर एकटी उभी आहे गं. मला गेलं पाहिजे.”

पुढ्यातल्या ग्लासातला चमचा त्यांनी उचलला. चमचा काचेवर किणकिणला. त्यांनी तो ग्लासावर आडवा ठेवला.

बामचा वास थांबला. हळूहळू विरला असं नाही, थांबलाच. समोर नुसती खुर्ची होती, लाकडी, आणि ताटलीत अर्धी रोटी. मालक आला. आडव्या चमच्याचा तो ग्लास त्यानं उचलला, जरा निरखून पाहिला, मग कवळीवाल्यांकडं पाहिलं. “बरं,” तो म्हणाला. “यांचं झालं तर.” समोरचा, अजून वाफाळणारा ग्लास मात्र त्यानं तिथंच राहू दिला. उलट त्यात वरून आणखी चहा ओतला.

तिचा चालू राहणार, कवळीवाल्यांना वाटलं, आणि त्या वाटण्यानं त्यांना थोडा धीरही आला. मागं वळून न बघता ते बाहेर पडले.

गल्लीत तोच उजेड. ते धावत सुटले म्हटलं तरी चालेल, त्या वयात. स्टँडवर बस नुकतीच लागत होती. दारातून मुलगी उतरत होती, एक हात पोटावर, एक दांड्याला. बापाला धापा टाकताना बघून ती घाबरलीच. “अहो बाबा, पळत कशाला आलात? मी थांबले असते की.” यांच्या फोनवर तिचा एकच फोन आलेला दिसत होता, पुलापाशी असतानाचा.

“येतो मी तुझ्याकडं,” कवळीवाले म्हणाले. तिनं काही विचारायच्या आधीच म्हणाले. “राहायला येतो. कायमचा.”

मुलीनं त्यांच्याकडं बघितलं, मग भर स्टँडवर त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं.

झालं ते असं. पुढची वर्षं बरी गेली, बरी म्हणजे चारचौघांची जातात तशी. नात झाली. कवळीवाल्यांनी तिला मांडीवर खेळवलं, तिचे दात यायला लागले तेव्हा हिरड्यांवरून बोट फिरवून कुठला कधी येणार ते आधीच सांगितलं. घर हसतं राहिलं. एकच गोष्ट राहून राहून मुलीच्या लक्षात यायची. बाबांना चहाची तलफ म्हणून कधी येत नाही. समोर ठेवला तर घेतात, पण विचारलं की, कसा झालाय, तर जरा थांबून म्हणतात, चांगला असेल. जेवणाचंही तसंच. आणि कधीकधी खिडकीपाशी बसलेले असताना हाक मारली तर ओ द्यायला फार वेळ लावतात, जणू आवाज लांबून ऐकू येतोय. वय झालं, मुलगी म्हणायची.

त्या गल्लीत कवळीवाले पुन्हा गेले नाहीत. एखादे वेळी ती ट्रामची टोपी आठवायची, मग ते दुसऱ्या कामात मन घालायचे.

परवाची गोष्ट. थंडीची दुपार, उजेड धुरकट. मुलगी स्वयंपाकघरात. कवळीवाले खिडकीपाशी खुर्चीत, हातात कानस आणि नातीच्या खेळण्यातला मोडका घोडा. त्यांचा फोन शेजारी खिडकीच्या कठड्यावर. नात टेबलाखाली घर करून खेळत होती. त्या आठवड्यात तिचे वरचे पुढचे दोन्ही दात एकापाठोपाठ पडले होते आणि ती बातमी साऱ्या जगाला द्यायची तिला घाई झाली होती. आईचा फोन तिनं पळवला होता. आजोबांचा नंबर तिला तोंडपाठ, त्याचा केवढा अभिमान. तिनं तो लावला.

कठड्यावरचा फोन वाजला नाही. कवळीवाल्यांनी त्याच्याकडं पाहिलं. काळा, गप्प.

“आजोबा?” नात टेबलाखालून म्हणाली. “आजोबा, मी. तुम्ही कुथं आहात?”

कवळीवाल्यांच्या हातातली कानस खाली पडली.

“कधी येनार?” तिनं विचारलं. मग तिनं टेबलाखालून डोकं बाहेर काढलं, फोन कानाला तसाच धरून, आणि खुर्चीतल्या आजोबांकडं बघून हसली. तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. “आजोबा म्हनतात, येतोच. चहा घेतोय.”

तेव्हा कुठं त्यांना ग्लास आठवला. आपल्या पुढ्यातला, निवलेला, पिण्याजोगा. जन्मभर कप बदलून देणाऱ्या बाईनं त्याही दिवशी ग्लास बदललाच होता. ज्यावर आपण चमचा ठेवला तो तिचा होता. आपला तर समोर होता, वाफाळता, त्यात चमचा उभा. आणि मालकानं त्यात वरून चहा ओतला होता.

“आणखी...” कवळीवाल्यांचा आवाज त्यांनाच ओळखू येईना. “आणखी काय म्हणतात?”

नातीनं कान देऊन ऐकलं. त्या दिवशी त्या पोरीशी काय काय बोललो, ते कवळीवाल्यांना शब्दन् शब्द आठवत होतं. आता ती जे सांगणार होती ते त्यांनी तेव्हा विचारलं नव्हतं. विचारायचं कारणच नव्हतं, तेव्हा बायको समोर होती.

“ते विचारतात,” नात म्हणाली, “आजी इथंच बसली होती, ती कुथं गेली?”